अस्वल, तीरकमठा आणि कायदा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा चार वर्षांपासून कॅनडातील एडमंटन शहरात नोकरीला आहे. तेथे त्याला धनुर्विद्येचा नाद लागला असून येत्या मे महिन्यात तो एका मित्रासोबत अल्बर्टा प्रांताच्या उत्तरेकडील शिकारी तळावर आठ दिवस अस्वलाच्या शिकारीला जाणार आहे. बंदूक नाही, चाके लावलेले आधुनिक धनुष्यही नाही. साधे लाकडी धनुष्य घेऊन जाणार म्हणतो. तेथे म्हणे पिंपात गोडधोड भरून अस्वलाला बोलावतात आणि झाडावर बसून त्याची वाट पाहतात. आमच्या घरात हे कोणालाच रुचलेले नाही, आणि त्याच्या आईने तर त्याच्याशी फोनवर बोलणेच टाकले आहे. हे कायदेशीर आहे का, त्यात जिवाला धोका किती, आणि आमिष दाखवून मारण्यात कसला आला पुरुषार्थ, हे कृपया सांगावे.
— एक वाचक, देवरी तालुका, जि. गोंदिया

उत्तर : आपल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकेका ओळीत देता येतील, पण तेवढ्याने घरातला अबोला मिटणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी वनखात्यात नोकरी केलेला माणूस आहे आणि शिकार करणाऱ्यांना पकडण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, हे आधीच सांगून ठेवतो. तरीही काही वर्षांपूर्वी भाच्याकडे अल्बर्टात गेलो असताना अशाच एका तळावर चार दिवस पाहुणा म्हणून राहण्याचा योग आला आणि त्यातली एक संध्याकाळ मी एका धनुर्धाऱ्याच्या शेजारी झाडावर बसून काढली. पुढे जे लिहितो आहे त्यातले काही वाचलेले आहे आणि काही त्या संध्याकाळचे आहे.

कायद्याचे आधी पाहू. अल्बर्टात काळ्या अस्वलाची वसंतातील शिकार परवान्याने करता येते. परदेशी नागरिकाला मोठ्या जनावराच्या शिकारीसाठी एकट्याने रानात जाता येत नाही. त्याला परवानाधारक आउटफिटरचा (शिकारीची सोय करून देणाऱ्या व्यावसायिकाचा) गाइड किंवा ठरावीक अटींवर तेथील रहिवासी यजमान सोबत लागतो. आपला मुलगा तेथील नियमांनुसार रहिवासी ठरतो की पाहुणा, एवढे त्याने परवाना काढतानाच नीट विचारून घ्यावे. आमिष ठेवण्याची मुभा प्रांतातील सर्व भागांत नाही, ठरवून दिलेल्या विभागांतच आहे, आणि आमिषाच्या जागेवर तशी पाटी लावावी लागते. एक वर्षाहून लहान पिल्लू मारणे आणि असे पिल्लू सोबत असलेली मादी मारणे हे दोन्ही गुन्हे आहेत. शेजारच्या ब्रिटिश कोलंबियात काळ्या अस्वलाची शिकार चालते, पण आमिष चालत नाही. थोडक्यात, एकाच देशात एका प्रांताची रीत दुसऱ्या प्रांतात गुन्हा ठरू शकते, आणि मित्राच्या सांगण्यावर विसंबून राहणे महागात पडू शकते.

आता हे अस्वल कोणते, ते समजून घ्यावे, कारण आपल्या मनात नागझिऱ्याचे अस्वल आहे आणि तो प्राणीच वेगळा आहे. उत्तर अमेरिकेतील काळे अस्वल हिवाळाभर गुहेत किंवा झाडाच्या मुळांखालच्या बिळात पडून असते आणि एप्रिलमध्ये बर्फ वितळू लागले की बाहेर येते. आधी मोठे नर बाहेर पडतात, तर जानेवारीच्या सुमारास बिळातच व्यालेल्या माद्या पिल्लांना घेऊन सर्वांत शेवटी निघतात. बाहेर आल्यावर पहिले काही आठवडे ते जवळजवळ गाईसारखे चरते : कोवळे गवत, क्लोव्हर, झाडांचे नवे तुरे. मेच्या अखेरीपासून त्यांचा माजाचा काळ सुरू होतो आणि एरवी दाट झाडीत दडून राहणारे थोराड नर माद्यांच्या मागावर दिवसाउजेडी हिंडू लागतात. शिकारी मे आणि जूनचे पहिले दिवस धरतात ते यासाठी. शिवाय तोवर हिवाळ्याची दाट लव अंगावर असते, पुढे ती झाडांना घासून झडते. नाव काळे असले तरी त्यांत तपकिरी, दालचिनी रंगाची, अगदी पिंगट अस्वलेही निघतात.

स्वभावातला फरक याहून महत्त्वाचा आहे. काळे अस्वल संकट दिसले की बहुधा झाडावर चढते किंवा पळ काढते. आपले अस्वल वाघाच्या रानात वाढलेले आहे, उघड्या माळावर वारुळे खणत फिरते, आणि जीव वाचवण्याचा त्याचा मार्ग पळण्यापेक्षा अंगावर जाण्याचा आहे, असे अभ्यासक मानतात. म्हणून आपल्याकडे अचानक समोर आलेला माणूस आणि अस्वल यांची गाठ चेहऱ्यावरच्या पंजाने संपते. तिकडे तोच प्रसंग बहुतेक वेळा अस्वलाच्या पळून जाण्याने संपतो. बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नव्हे. हल्ला करून माणसाला भक्ष्य करू पाहणारे काळे अस्वलही क्वचित निघते, आणि तेव्हा मेल्याचे सोंग न घेता हाताला लागेल त्याने झुंजावे, असे तेथील वनाधिकारी शिकवतात. गाइडजवळ बंदूक किंवा तिखटाचा फवारा असतो, आणि तो असावाच.

धनुष्याकडे येतो. चाकांच्या धनुष्याला कंपाउंड म्हणतात. अमेरिकेतील हॉलिस ॲलन यांनी शोधलेल्या या धनुष्याचे पेटंट १९६९ मध्ये मंजूर झाले. त्यात दोरी पूर्ण ओढली की चाकांच्या रचनेमुळे बहुतेक भार उतरतो, त्यामुळे नेम धरून निवांत थांबता येते. आपल्या नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेता झाला तो याच कंपाउंड प्रकारात. आपला मुलगा ज्याच्या नादी लागला आहे त्या लाँगबो (सरळ, लांब) किंवा रिकर्व्ह (टोके पुढे वळलेल्या) धनुष्यात ही सोय नाही. वीस-बावीस किलोंचे धनुष्य ओढले की तो सगळा भार बोटांवर आणि पाठीच्या स्नायूंवर राहतो. दोन-तीन सेकंदांत बाण सोडावा लागतो, नाहीतर हात कापू लागतो. नेमाची दुर्बीण नाही, खुणेची काडी नाही. वर्षानुवर्षांच्या सरावाने डोळा आणि हात जे शिकले असतील तेवढेच कामाला येते. बाण सेकंदाला पन्नास मीटरच्या आसपास जातो, म्हणजे पंधरा मीटरवर पोहोचायला त्याला जवळजवळ सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो, आणि तेवढ्या वेळात जनावर एक पाऊल टाकू शकते. म्हणून जाणते लोक साध्या धनुष्याने पंधरा, फार तर वीस मीटरच्या पुढे बाण सोडत नाहीत.

बंदुकीची गोळी धक्क्याने मारते, तर बाण कापून मारतो. रुंद पात्याचे टोक दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेले तर अस्वल काही सेकंदांत कोसळते. ते पोटात किंवा खांद्याच्या हाडात गेले तर जनावर रात्रभर, कधी दिवसचे दिवस तडफडते. तळावर मी पाहिले की शिकारी रोज सकाळी चहा पिता पिता बाणाची पाती सहाणेवर घासत होता आणि मनगटावरचे केस भादरून धार तपासत होता, अगदी आपल्याकडे भातकापणीआधी विळा लावून घेतात तसा. हे आदल्या दिवशी एकही बाण सुटलेला नसताना. मी विचारले तेव्हा कळले की भात्यात नुसते घासले गेल्यानेही धार बसते.

आता पिंपाबद्दल. तळाचा दिनक्रम ऐकला तर आपल्याला हसू येईल : सकाळी झोपा किंवा तळ्यावर मासे धरा, दुपारी बिनवासाच्या साबणाने अंघोळ करा, आणि तीन-चार वाजता झाडावर चढा. त्या अक्षांशावर मेअखेरीस सूर्य साडेनऊनंतर मावळतो आणि मावळल्यावर अर्ध्या तासापर्यंत शिकारीची मुभा असते, म्हणजे बैठक सहा तासांची होते. आम्ही जमिनीपासून पंधरा फुटांवर होतो. लोखंडी पिंप साखळीने झाडाला जखडलेले होते आणि त्यात ओट, काकवी आणि बेकरीतला शिळा माल होता. अंतर शिकाऱ्याने आधीच फितीने मोजले होते : सोळा मीटर. गाइडने आम्हाला तेथे बसवण्यापूर्वी एका बाटलीतून भुकटी उडवून वारा पाहिला आणि पिंपाकडून आमच्याकडे झुळूक येते याची खात्री झाल्यावरच तो परतला. आमचे जुने वनमजूर हेच विडीच्या धुराने पाहत असत.

डास इतके होते की तोंडावर जाळी असूनही कानात गुणगुण थांबेना, आणि हात हलवायची सोय नव्हती. साडेआठच्या सुमारास समोरची खार, जी तासभर आमच्यावर चिरचिरत होती, एकदम गप्प झाली. अस्वल आलेले मला दिसले नाही. जेथे काही नव्हते तेथे ते उभे होते. दोनशे किलोंपर्यंत जाणारा प्राणी वाळल्या पाचोळ्यावरून आवाज न करता कसा येतो, हे मला आजही उलगडलेले नाही. आपले अस्वल तर वारूळ फुंकताना शेतापलीकडे ऐकू येते. शिकारी डोळ्यांनीच त्याला मोजत होता. डोक्याच्या मानाने कान लहान आणि एकमेकांपासून दूर भासले तर जनावर थोराड समजतात. कान मोठे, ताठ आणि जवळजवळ दिसले तर ते पोरगेलेसे असते. पाठ पिंपाच्या कितव्या वळीपर्यंत येते तेही बघतात. मादी असेल तर आजूबाजूच्या झाडांवर पिल्ले चढवून ती एकटीच पुढे आली असेल, म्हणून लगेच धनुष्य उचलायचे नाही, हा तळाचा नियमच होता.

हे अस्वल नर होते, मोठे होते, आणि ते आमच्याकडे तोंड करून बसले. समोरून बाण मारत नाहीत, कारण छातीचे हाड आणि खांदे फुप्फुसांना झाकतात. जनावर आडवे, किंवा किंचित पाठमोरे तिरके व्हावे लागते, आणि पुढचा पाय पुढे पडावा लागतो. आम्ही अकरा मिनिटे तसेच बसलो. माझ्या शेजाऱ्याची तीन बोटे दोरीवर होती आणि त्याने एकदाही ती ओढली नाही. मग अस्वलाने एकदा वर पाहिले, तोंडात एक पाव धरला आणि ते शेपूट आमच्याकडे करून झाडीत गेले. त्या माणसाची ही तिसऱ्या वर्षाची खेप होती, प्रत्येक खेपेला बक्कळ पैसा गेला होता, आणि त्या वर्षीही तो रिकाम्या हातांनी परतला. रात्री जेवताना त्याविषयी कोणी चकार शब्द काढला नाही.

पुरुषार्थाबद्दल आपण विचारता, तर माझे मत असे आहे. आमिष ठेवण्याची रीत मला आवडत नाही. आपल्याकडेही पूर्वी वाघासाठी गारा, म्हणजे आमिषाचे जनावर, बांधून साहेब लोक मचाणावर बसत आणि त्यालाच मर्दुमकी म्हणत. त्या मर्दुमकीच्या कथा ऐकूनच आमच्या पिढीने खात्यात नोकरी धरली, हे वेगळे. माणसाच्या अन्नाची चटक लागलेले अस्वल पुढे वस्तीत येते, ही तक्रारही खोटी नाही. कोलोराडोच्या मतदारांनी १९९२ मध्ये वसंतातील शिकार, आमिष आणि कुत्री या तिन्हींवर एकदम बंदी घातली. कॅनडातच ऑन्टारिओने पिल्ले अनाथ होतात या कारणाने १९९९ मध्ये वसंतातील शिकार बंद केली आणि २०२१ मध्ये ती पुन्हा कायमची सुरू केली, यावरून तेथील लोकांचेही एकमत नाही हे दिसते. पण साध्या धनुष्याच्या बाबतीत आमिषाच्या बाजूने एक गोष्ट आहे, आणि ती मला त्या मचाणावर बसल्यावर पटली. दाट झाडीत अस्वल दिसते ते क्षणभर. तेवढ्यात नर की मादी, पिल्ले आहेत की नाहीत, हे कळत नाही, आणि अंतर ओळखीचे नसल्याने नेम चुकतो. पिंपापाशी ते दहा मिनिटे उभे राहते, अंतर मोजलेले असते आणि न मारण्याचा निर्णय घेण्यास सवड मिळते. तेव्हा आपल्या मुलाला रागावण्याऐवजी एकच प्रश्न विचारावा : एका वर्षात सरावाचे किती बाण सोडले, आणि सोळा मीटरवर त्यातले किती बशीएवढ्या गोलात लागले? उत्तर देताना तो अडखळला तर या वर्षी त्याने धनुष्य घरी ठेवून नुसते बघायला जावे.

बाण लागल्यानंतरची गोष्ट शिकारी घरी सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो. अस्वलाच्या चरबीने जखमेचे तोंड बुजते आणि दाट केस रक्त पिऊन टाकतात, त्यामुळे जमिनीवर रक्ताचा माग फार थोडा सापडतो. म्हणून बाण लागला तरी झाडावरून लगेच उतरायचे नाही. निदान अर्धा तास थांबायचे, जनावर कोणत्या झाडामागे दिसेनासे झाले ते मनात पक्के करायचे, आणि गाइड आल्यावरच माग काढायचा. अंधारात एकट्याने घायाळ अस्वलाच्या मागे जाणे हा या साऱ्या प्रकारातला खरा धोका आहे. आईला सांगायचेच असेल तर एवढे वचन मुलाकडून घेऊन सांगावे.

मांसाबद्दल आपण विचारलेले नाही, तरी लिहितो. अस्वलाच्या मांसात ट्रायकिनेला नावाच्या जंताच्या अळ्या असू शकतात, आणि या जंताची उत्तरेकडील जात बर्फात गोठवूनही मरत नाही. मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअस तापले पाहिजे. सावजी रस्सा करून दोन तास रटरटू दिला तर चिंता नाही. निखाऱ्यावर अर्धेकच्चे भाजून मात्र खाऊ नये. नख, दात, कातडे यांतले काहीही त्याने भारतात आणू नये. काळे अस्वल आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, कागदपत्रांशिवाय आणलेली वस्तू विमानतळावर अडकते, आणि देवरीतल्या घरात अस्वलाचे नख सापडले तर ते कॅनडातले आहे हे सिद्ध करण्याची धावपळ आपल्यालाच करावी लागेल. नातवाच्या गळ्यात ताईत हवा म्हणून दरवेशाकडून अस्वलाचे केस घेण्याचे दिवसही आता गेले.

प्रश्न : आमच्या घरात आजोबांचा बांबूचा कमठा आहे, त्याची दोरीसुद्धा बांबूच्याच कामटीची आहे. आजोबा त्याने अस्वल मारत असत असे सांगतात. गावाला सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, तर परंपरा म्हणून पारध करता येईल का? आणि परदेशात लोक पैसे देऊन जे करतात ते आम्ही केले तर गुन्हा कसा?
— एक तरुण वाचक, एटापल्ली तालुका, जि. गडचिरोली

उत्तर : तुमच्या प्रश्नातला राग मला समजतो आणि तो अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. पण आधी कायदा काय म्हणतो ते स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण गैरसमजातून तुरुंगात गेलेली पोरे मी पाहिली आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज, चराई, मासेमारी असे अनेक हक्क मान्य केले, परंतु पारंपरिक हक्कांचे कलम लिहितानाच त्यातून शिकारीचा आणि सापळे लावण्याचा हक्क वगळला आहे. सामूहिक दावा मंजूर झाला म्हणजे पारधीची परवानगी मिळाली, असे मुळीच नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आपले अस्वल पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याच्या शिकारीला किमान ३ आणि कमाल ७ वर्षे कैद आहे. शिवाय ‘शिकार’ या शब्दाची कायद्यातली व्याख्या बोलीतल्या अर्थाहून फार मोठी आहे : मारणे तर आलेच, पण पकडणे, फासा लावणे, हाका करून जनावर उठवणे, आमिष ठेवणे आणि यांपैकी कशाचाही नुसता प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच आहे. म्हणजे वरच्या पत्रात ज्या पिंपाची गोष्ट आहे, ते पिंप आपल्या रानात ठेवले तर बाण भात्यात असतानाच गुन्हा पूर्ण होतो. ‘हत्यार’ या शब्दाच्या व्याख्येतही धनुष्यबाणाचे नाव घेऊन उल्लेख आहे, आणि परवानगीविना हत्यार घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही. आजोबांची आठवण म्हणून कमठा भिंतीवर टांगण्यास हा कायदा आडवा येत नाही. तो खांद्यावर घेऊन अभयारण्याच्या वाटेने पाहुण्यांकडे जाऊ नका.

परदेशात चालते ते येथे का चालत नाही, याचे उत्तर जनावरांच्या संख्येत आहे. काळी अस्वले उत्तर अमेरिकेत आजही लाखांनी आहेत. आपले अस्वल भारत, नेपाळ आणि श्रीलंका एवढ्याच देशांत उरले असून सर्व मिळून त्यांची संख्या वीस हजारांच्या आत असावी, असा अंदाज केला जातो. पण आदिवासीच्या कमठ्याला गुन्हा आणि गोऱ्याच्या धनुष्याला छंद म्हणण्याची रीत जगभर जुनी आहे, हेही खरे. आज अमेरिकेत जी धनुष्याची शिकार फोफावली आहे तिची एक मुळी थेट एका आदिवासीपर्यंत जाते. कॅलिफोर्नियातील ‘याही’ नावाच्या जमातीच्या कत्तलीतून वाचलेला इशी नावाचा माणूस १९११ मध्ये एकटा रानातून बाहेर आला. सॅन फ्रान्सिस्कोत त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुष्य घडवायला, दबकत जायला आणि थांबायला शिकले. इशी १९१६ मध्ये क्षयाने वारला. पोप आणि त्यांचे मित्र आर्थर यंग यांच्या नावाने १९६१ मध्ये स्थापन झालेली संस्था आजही तेथे धनुष्याच्या शिकारीचे नियम सांगते. इशीची जमात मात्र उरली नाही.

तुमच्या आजोबांचे बसायला जमत असेल तर त्यांच्याकडून कमठा घडवायला शिकून घ्या : बांबू कोणत्या महिन्यात तोडायचा, किती दिवस धुरावर वाळवायचा, कामटीची दोरी पाऊस लागला तर कशी सांभाळायची. हे लिहून ठेवा आणि गवताच्या पेंढीवर नेम धरा. तालुक्याच्या क्रीडा अधिकाऱ्यांकडे चौकशी केली तर धनुर्विद्येच्या शालेय स्पर्धांची माहितीही मिळेल. बांबू ओढून तयार झालेल्या खांद्याला रिकर्व्ह धनुष्य जड जात नाही.

प्रश्न : मोहाच्या दिवसांत पहाटे फुले वेचायला जाताना अस्वलाची भीती वाटते. गावातले काही जण सोबत तीरकमठा किंवा भाला ठेवा म्हणतात. काय करावे?
— महिला बचत गटाच्या एक सदस्य, कोरची तालुका, जि. गडचिरोली

उत्तर : ताई, भाला जवळ असला की माणसाचा धीर वाढतो आणि नेमका तोच अंगाशी येतो. अचानक तीन मीटरवर उठलेल्या अस्वलापुढे बाण लावायला वेळच मिळत नाही, आणि घायाळ अस्वल पळण्याऐवजी वळून येते. स्वतःचा जीव वाचवताना सद्भावनेने जनावर मारले गेले तर कायदा त्याला गुन्हा मानत नाही, पण मुद्दाम शस्त्र घेऊन त्याच्या मागावर गेलेल्याला हे संरक्षण मिळत नाही.

धनुर्धारी अस्वलाच्या जवळ जाण्यासाठी जे जे करतो त्याच्या नेमके उलटे आपण करायचे आहे. तो वाऱ्याविरुद्ध, गप्प, एकटा आणि अंधुक उजेडात जातो. तुम्ही चार-पाच जणींनी मिळून, मोठ्याने बोलत, काठीने जमीन ठोकत, आणि चांगले उजाडल्यावरच जा. मोह पहाटे गळतो आणि अस्वलही त्याच वेळी झाडाखाली असते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. उशिरा गेल्याने थोडी फुले गुरे खातील. ती जाऊ द्यावीत. झाडापाशी पोहोचण्याआधी थांबून आवाज द्या आणि त्याला निघून जायला वाट ठेवा. नाल्याच्या वळणावर, करवंदीच्या जाळीत आणि वारुळांच्या रांगेत जास्त सावध राहा. सोबत पिल्ले पाठीवर घेतलेली मादी दिसली तर तोंड तिच्याकडे ठेवून मागे मागे सरकत या, पळू नका. तिने खाली पाडलेच तर पालथे पडा, दोन्ही हातांची बोटे मानेमागे गुंफा आणि चेहरा जमिनीत दडवा. काळ्या अस्वलाशी झुंजा असे वर लिहिले आहे, ते येथे लागू नाही. कृपया दोन्हींची गल्लत करू नये. हल्ला झाल्यास उपचार आणि भरपाईसाठी वनरक्षकाला त्याच दिवशी कळवून पंचनामा करून घ्या. तेंदूच्या हंगामात फळीवर (पाने जमा करण्याच्या ठिकाणी) जातानाही हेच नियम पाळा.

प्रश्न : मला अस्वल मारायचे नाही, पण मचाणावर बसून पाहायचे आहे. आपल्याकडे तशी सोय आहे का?
— महाविद्यालयीन वाचक, अमरावती

उत्तर : आहे. वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनविभाग मेळघाट, ताडोबा, पेंच, नागझिरा अशा ठिकाणी पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर बसण्याची संधी देतो. पूर्वी ती प्राणीगणनेची रात्र होती. आता गणना कॅमेऱ्यांनी आणि ठरवलेल्या रेषेवरून चालत नोंदी घेऊन होते आणि ही रात्र निसर्गानुभवाची म्हणून उरली आहे. नोंदणी महिनाभर आधीपासून लक्षात ठेवावी लागते, कारण जागा थोड्या असतात. बुलढाण्याचे ज्ञानगंगा अभयारण्य अस्वलांसाठी प्रसिद्ध आहे, तेव्हा तेथेही चौकशी करावी.

जाताना अत्तर, सुवासिक तेल, पांढरा सदरा आणि चिवड्याच्या कुरकुरणाऱ्या पिशव्या घरी ठेवाव्यात. दुपारी चारला चढले की सकाळी उजाडेपर्यंत उतरता येत नाही, त्यामुळे पाणी पुरेसे घ्यावे आणि बाकीचा विचार आधीच करून ठेवावा. अस्वल येते ते बहुधा मध्यरात्रीनंतर. वाघ येऊन गेला असेल तर बराच वेळ येत नाही. मोबाइल बंद ठेवावा, कारण पडद्याचा उजेड पाणवठ्यावरून स्पष्ट दिसतो.